शोपेनहाउअर व्हाया घारापुरी

सुख म्हणजे काय, यावर जगातल्या सर्वांत खट्टू तत्त्वज्ञाने आयुष्यभर विचार केला. आर्थर शोपेनहाउअर (1788–1860) हे त्याचे नाव. त्याने हिंदुस्थान कधी पाहिला नाही. तरीही त्याच्या विचारांचे धागे रायगडच्या किनाऱ्याला येऊन भिडतात.

1. उपनिषदे पोचवणारा पाहुणा

शोपेनहाउअरच्या हाती उपनिषदे आली ती तीन भाषांचा प्रवास करून. मोगल शाहजादा दारा शुकोहने 1657 मध्ये 50 उपनिषदे फारसीत आणली. त्या फारसी पोथीवरून आंकेतिल-द्युपेराँ या फ्रेंच पंडिताने लॅटिन भाषांतर केले आणि ते 1801–02 मध्ये छापले. हा पंडित 1755 ते 1761 या काळात हिंदुस्थानात होता आणि त्या मुक्कामात त्याने आपल्या उरण तालुक्यातली घारापुरीची लेणीही पाहिली होती! शोपेनहाउअरने 1814 मध्ये ते लॅटिन पुस्तक वाचले आणि पुढे जन्मभर त्याला आपला दिलासा मानले.

2. ‘आत्मा’, इकडे ये!

फ्रँकफर्टला हा गृहस्थ एकटाच राहायचा. सोबतीला पूडल जातीचा कुत्रा असे. एक गेला की दुसरा यायचा, पण नाव ठरलेले: आत्मा. सगळ्या जिवांत एकच तत्त्व नांदते यावर त्याची श्रद्धा होती आणि प्राण्यांना छळणाऱ्यांची त्याला मनस्वी चीड होती. जगाला दुःखाचे घर म्हणणारा हा माणूस रोज बासरी वाजवायचा आणि न चुकता लांब फेरफटका मारायचा.

3. 1856 चा योगायोग

त्या वर्षी शोपेनहाउअरने बुद्धाची एक मूर्ती मिळवली आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा चढवून ती घरात ठेवली. त्याच वर्षी, 23 जुलैला, रत्नागिरीत एक मूल जन्मले. त्याच मुलाने पुढे शोपेनहाउअरची मराठी वाचकाशी गाठ घालून दिली. ते मूल म्हणजे बाळ गंगाधर टिळक.

4. सुखाचा अपूर्णांक

टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात 1910–11 च्या हिवाळ्यात पेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहिले. ते 1915 मध्ये छापून आले. त्याच्या ‘सुखदुःखविवेक’ या पाचव्या प्रकरणात शोपेनहाउअरचे गणित आहे. वर अंशाच्या जागी मिळालेले सुख, खाली छेदाच्या जागी सुखाच्या इच्छा. गोम अशी, की अंश वाढला की छेद त्याहून जोरात वाढतो. समजा, आज 2 इच्छांपैकी 1 पुरी झाली, म्हणजे निम्मे समाधान. उद्या सुखे 3 झाली, पण इच्छा झाल्या 10. सुख तिप्पट झाले आणि समाधान मात्र घटले. पगारवाढीनंतर चार महिन्यांत पुन्हा चणचण का वाटते, याचे उत्तर या एका अपूर्णांकात आहे.

5. समुद्राचे पाणी

संपत्तीला शोपेनहाउअरने समुद्राच्या पाण्याची उपमा दिली: जितके प्यावे तितकी तहान वाढते. कीर्तीचेही तसेच, असे तो म्हणतो. उरण-पेणच्या मिठागरांशेजारी राहणाऱ्याला ही उपमा फोड करून सांगावी लागत नाही.

6. चावणारा जोडा

त्याच्या मते दुःख जाणवते, सुख जाणवत नाही. सगळे अंग ठणठणीत असले तरी ध्यान जाते ते जोडा जिथे चावतो तिथेच. म्हणून त्याचा सल्ला असा, की सुखाच्या मागे धावण्यापेक्षा दुःख टाळा आणि तब्येत सांभाळा. सुखाचा नव्वद टक्के भाग तो आरोग्याच्या खात्यावर मांडतो. आपण काय आहोत, आपल्याकडे काय आहे आणि लोक आपल्याला काय समजतात, या तिन्हींत पहिल्याचे वजन त्याने सर्वांत जास्त धरले. आपण बहुधा तिसऱ्यासाठी झुरतो.

7. दुःख मानणारे दानशूर

राजपुरी खाडीच्या काठावरच्या डोंगरात कुडा येथे 26 बौद्ध लेणी आहेत. जीवन दुःखमय आहे, हे बुद्धाचे पहिले आर्यसत्य. ते मानणारे या किनाऱ्यावर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी होते, आणि ते रडत बसलेले नव्हते. इथल्या शिलालेखांत दाते म्हणून माळी, वैद्य, लोखंडाचा व्यापारी अशी मंडळी भेटतात. कमावले आणि त्यातले भिक्खूंच्या निवाऱ्यासाठी दिले.

8. आधी दुःख, मग यत्न

समर्थ रामदासांनी दासबोध महाड तालुक्यातल्या शिवथरघळीत सांगितला, अशी परंपरा आहे. त्याच्या तिसऱ्या दशकात जन्मापासूनच्या दुःखांचे आणि त्रिविध तापांचे असे वर्णन आहे, की शोपेनहाउअरनेही मान डोलावली असती. मात्र समर्थ तिथे थांबत नाहीत. तोच ग्रंथ पुढे यत्नाचा महिमा गातो.

9. साठ दिवस आणि एक

शोपेनहाउअर म्हणतो, इच्छा अपुरी राहिली तर दुःख, पुरी झाली तर कंटाळा. माणूस या दोहोंत हेलकावत राहतो. आपल्या कोळीवाड्यांत यावर तोड सापडते. 1 जून ते 31 जुलै, असे 61 दिवस यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. होड्या शाकारल्या जातात, जाळी दुरुस्त होतात, समुद्रात मासळीला वाढायला उसंत मिळते. पुढे नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिला जातो. हावेला लगाम आहे आणि हाताला कामही आहे.

10. टिळकांचे उत्तर

शोपेनहाउअरचा तोडगा म्हणजे इच्छाच मावळू देणे. टिळकांना तो पटला नाही. असंतोष हे वैभवाचे मूळ आहे, हा महाभारतातला विचार त्यांनी पुढे ठेवला. चांगले घडवण्याची तळमळ वाईट नाही. फळावरची आसक्ती वाईट. म्हणजे छेद लहान करायचा तो फळाच्या हावेचा, कामाच्या उमेदीचा नव्हे.

या दोघांत मला टिळकांचे म्हणणे खरे वाटते, पण टिळकांपर्यंत पोचायला शोपेनहाउअरची पायरी लागतेच. आपला छेद किती फुगला आहे हे त्याच्याइतके स्पष्ट कुणी दाखवत नाही. तेव्हा ‘गीतारहस्या’चे पाचवे प्रकरण एकदा निवांत वाचा. मग कागद घ्या, आपल्या इच्छा लिहा आणि त्यांतल्या केवळ लोकांना दाखवण्यासाठी असलेल्या खोडून टाका. उरतील त्यांच्यासाठी मात्र जिवापाड राबा.