सुट्ट्या त्यांच्या, सण आपले

२८ सप्टेंबर २०२५ हा रविवार होता, आणि त्या दिवशी चीनभर ऑफिसं चालू होती. लोक कुरकुरत होते, पण कामावर गेले होते. १ ते ८ ऑक्टोबर अशी सलग आठ दिवसांची सुट्टी पुढे होती आणि त्यातले दोन दिवस शनिवार-रविवारकडून उसने घेतलेले होते: एक हा रविवार, दुसरा ११ ऑक्टोबरचा शनिवार. या देवघेवीला इथे 'थ्याओशिउ' म्हणतात. नोव्हेंबरच्या सुमारास बीजिंगहून पुढच्या वर्षाची यादी जाहीर होते. कोणत्या सणाला किती दिवस सुट्टी आणि तिच्या बदल्यात कोणत्या शनिवारी-रविवारी हजर राहायचं, हे दोन्ही तीत असतं. नोकरीसाठी इथे येऊन नवा संसार मांडणाऱ्या परदेशी जोडप्याचं वर्ष याच यादीवर चालतं. आमच्या स्वयंपाकघरात ती 'कालनिर्णय'शेजारी टांगलेली असते.

यादी लांबलचक दिसते, हिशोब मात्र तोकडा आहे. २०२५पासून कायद्याने वर्षाला १३ सार्वजनिक सुट्ट्या मिळतात, त्याआधी ११ होत्या. वाढलेले दोन दिवस म्हणजे चिनी नववर्षाचा आदला दिवस आणि २ मे. हक्काची वार्षिक रजा याहून कंजूष: एकूण नोकरीला दहा वर्षं होईपर्यंत फक्त पाच दिवस. काही कंपन्या जास्त देतात, पण कायदा एवढंच सांगतो. पंचविशी-तिशीतल्या माणसाला पाच दिवसांत दिवाळी, धाकट्या बहिणीचं लग्न आणि सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन यांतून निवड करायची असते. त्यात २०२० ते २०२५ भारत-चीन थेट विमानं बंद होती. हाँगकाँग, बँकॉक किंवा सिंगापूरमार्गे जाताना रजेतला एकेक दिवस विमानतळावरच संपायचा. २६ ऑक्टोबर २०२५ला कोलकाता-ग्वांगझौ विमान सुरू झालं तेव्हा इथल्या भारतीयांच्या वीचॅट ग्रुपवर दिवाळीपेक्षा जास्त शुभेच्छा फिरल्या.

आम्ही राहतो ते ग्वांगझौ म्हणजे आपल्या आजोबांच्या पिढीचं कँटन. चीनच्या दक्षिण टोकाचं, पर्ल नदीच्या काठचं व्यापारी शहर. १९५७पासून इथे वर्षातून दोनदा कँटन फेअर भरतो आणि बटणापासून बुलडोझरपर्यंत सगळं विकत घ्यायला जगभरचे व्यापारी येतात. त्या दिवसांत गुजराती, सिंधी आणि मारवाडी चिनी रस्त्यावर इतकं ऐकू येतं, की आपण कुठे आहोत याचा क्षणभर विसर पडावा. मराठी मंडळी कमी. आली आहेत ती बहुतेक नोकरीवर: वाहनांचे सुटे भाग, यंत्रं, सॉफ्टवेअर, मालाची गुणवत्ता तपासणी.

जोडप्याने येताना खरा भाव असतो तो लग्नाच्या दाखल्याला. नोकरी ज्याची त्याला झेड व्हिसा, जोडीदाराला एस-वन. त्या दुसऱ्या व्हिसासाठी विवाह नोंदणीचा दाखला साक्षांकित करून घ्यावा लागतो, आणि लग्नात आहेराची वही सांभाळणारे आपण हा कागद कुठे ठेवला ते आठवत बसतो. उतरल्यावर चोवीस तासांत पोलीस चौकीत राहत्या पत्त्याची नोंद, मग वैद्यकीय तपासणी, मग तीस दिवसांच्या आत निवासी परवान्याचा अर्ज. एस-वनवर आलेल्याला नोकरी करता येत नाही. ही अट बहुतेक वेळा बायकोच्या वाट्याला येते, आणि माझ्या मते नव्या संसारावर सगळ्यात जास्त ताण याच अटीचा पडतो. भाषेचा, अन्नाचा, हवेचा त्या मानाने कमी. इंजिनिअर मुलगी एका दिवसात 'अवलंबित' होते. मी विद्यापीठात मँडरिन शिकायला लागले, काहीजणी ऑनलाइन पदव्या घेतात, काहीजणी वर्षभरात परत जातात आणि दोन देशांत संसार चालवतात.

घर मिळणं सोपं, बहुतेक वेळा दोन महिन्यांचं भाडं अनामत ठेवून. लिफ्टमध्ये पुष्कळदा चौथा मजला नसतो, चौदावाही नसतो, कारण चारचा उच्चार मरणाच्या उच्चाराशी जुळतो. पैसे, भाडं, भाजी, डॉक्टर, टॅक्सी सगळं फोनवरच्या कोडवर. गूगल, व्हॉट्सअ‍ॅप, यूट्यूब बंद, त्यामुळे पहिले काही आठवडे आईवडिलांशी बोलायची सोय लावण्यात जातात. घड्याळ मात्र सोयीचं आहे. आपण भारताच्या अडीच तास पुढे. इथलं जेवण आटोपून निवांत बसलं, की तिकडे संध्याकाळचा चहा चाललेला असतो.

अन्नाबद्दल भारतात बसून जी भीती घातली जाते, ती निदान ग्वांगझौपुरती खोटी आहे. बेडूक, कोंबडीचे पाय बाजारात असतात हे खरं. पण पलीकडच्या गाळ्यावर दोडका, कारलं, कोहळा, चवळीच्या कोवळ्या शेंगा, अरवी, कमळकाकडी आणि चक्क लाल माठ असतो. हवामान कोकणाच्या जवळचं, त्यामुळे पेरू, पपई, फणस, ऊस आणि जूनमध्ये लिची. नारळ हाइनान बेटावरून येतात. शेंगदाणे मुबलक, तेलही शेंगदाण्याचं मिळतं. उसाच्या रसाच्या चपट्या वड्या गुळाची जागा बऱ्यापैकी भरून काढतात. हिरव्या मुगाचं गोड सूप इथे उन्हाळ्यात घरोघरी होत असल्याने मूग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. तूरडाळ, हरभराडाळ, हिंग, गोडा मसाला आणि पोहे मात्र भारतीय दुकानातून किंवा ताओबाओ या ऑनलाइन बाजारातून. कढीपत्ता सहज मिळत नाही, म्हणून कुंडी जपावी लागते. उकडीच्या मोदकांसाठी एक सूचना: तांदळाच्या पिठाचे इथे दोन प्रकार शेजारीशेजारी ठेवलेले असतात. एक साधं, दुसरं चिकट तांदळाचं. पाकिटं सारखीच दिसतात. साधंच घ्यावं.

शाकाहारी माणसाने हॉटेलात 'मांस नको' एवढंच म्हणून भागत नाही. भाजीत चरबी, सूपात हाडं आणि वर शोभेला सुकी कोळंबी असू शकते. त्यापेक्षा बौद्ध देवळांच्या आसपासची खाणावळ शोधावी. तिथे कांदा-लसूणसुद्धा नसतो, म्हणजे चातुर्मास पाळणाऱ्या सासूबाईंनाही नेता येतं.

मार्चच्या आसपास 'हुईनानथ्येन' येतो. थंडीने गारठलेल्या भिंतींवर दक्षिणेची दमट गरम हवा आदळते आणि घर आतून पाझरू लागतं. फरशीवर पाणी, आरशावर पाणी, चपलांना बुरशी. त्या दिवसांत खिडक्या घट्ट लावतात आणि पापडाचा डबा उघडत नाहीत. बाकी वर्ष बहुतेक उकाड्याचं.

आपल्याकडे लोक खासगी प्रश्न विचारतात म्हणून वैतागलेल्या मुलीने इथे येऊन सुटकेची अपेक्षा ठेवू नये. पगार किती, घर स्वतःचं आहे का, लग्नाला किती वर्षं झाली, मूल का नाही, हे सगळं लिफ्ट अकराव्या मजल्यावर पोहोचेपर्यंत विचारून होतं. एकच मूल हा नियम २०१६मध्ये संपला, २०२१पासून तीन मुलांना परवानगी आहे, पण बऱ्याच तरुण चिनी जोडप्यांना एकही नको आहे. त्यांच्यावरची चिडचिड आजीबाई आमच्यावर काढतात. बाळंतपणाच्या बाबतीत मात्र या आजीबाई आणि माझी आई एकमेकींची भाषा न समजताही एकमताने बोलू शकतील. बाळंतिणीने महिनाभर घराबाहेर पडायचं नाही, गार पाण्याला हात लावायचा नाही, डोक्याला वारा लागू द्यायचा नाही, सुंठ-आल्याचं खायचं. कँटोनी घरांत त्यासाठी आलं, अंडी आणि डुकराचे पाय गोड व्हिनेगरमध्ये शिजवून ठेवतात. आमच्याकडे डिंकाचे लाडू.

आता नववर्षाबद्दल, कारण लग्न झालेल्यांना ग्वांगदोंग प्रांतात त्याचा खास अर्थ आहे.

चिनी वर्ष जानेवारीच्या एकविसाव्या तारखेपासून फेब्रुवारीच्या विसाव्या तारखेपर्यंतच्या एखाद्या अमावस्येला सुरू होतं. त्याआधी पंधरा दिवस आणि नंतर पंचवीस दिवस असा चाळीस दिवसांचा प्रवासाचा हंगाम चालतो. कारखान्यातले, हॉटेलातले, कुरिअरवाले, घरकामाच्या बायका सगळे आपापल्या गावी निघतात. ग्वांगदोंगमध्ये कष्ट करणारे लोक हुनान, ग्वांगशी, सिचुआनचे. ते गेले की शहर रिकामं होतं. रेल्वेची तिकिटं पंधरा दिवस आधी खुली होतात आणि पाहतापाहता संपतात. उरलेल्यांसाठी नववर्षाच्या आधीचे तीन दिवस फुलांचा बाजार भरतो. पीचच्या फुललेल्या फांद्या, पाण्यात वाढवलेली नर्गिस, पिवळ्या-केशरी छोट्या संत्र्यांनी लगडलेली झुडपं. प्रत्येक दारापाशी, बँकेतसुद्धा, ती झुडपं ठेवतात. फटाके मात्र नाहीत. ज्या देशाने जगाला फटाके दिले, त्यातल्या या शहराने १९९२ सालीच त्यांच्यावर बंदी घातली.

आणि मग 'लाय सी', म्हणजे लाल पाकिटं. उत्तरेकडे ही बहुतेक घरच्या मुलांपुरती आणि रकमेने जड असतात. ग्वांगदोंगची रीत वेगळी: पाकीट लग्न झालेल्याने लग्न न झालेल्याला द्यायचं. रक्कम किरकोळ, पाच, दहा किंवा वीस युआन, पण नोट कोरी हवी, चारचा आकडा नको. पहिल्या दिवसापासून पंधराव्या दिवसापर्यंत खिशात पाकिटांचा गठ्ठा ठेवूनच बाहेर पडायचं. सोसायटीचा पहारेकरी, झाडूवाली, शेजाऱ्यांची मुलं आणि ऑफिस उघडल्याच्या पहिल्या दिवशी सगळे अविवाहित सहकारी. "कुंग हेई फात चोय" म्हणत ते रांगेने येतात. पस्तिशी उलटलेला, नवऱ्यापेक्षा जास्त पगार घेणारा ब्रह्मचारीही हसत हात पुढे करतो आणि त्याला पाकीट मिळतं. लगेच उघडून पाहायचं नाही, दोन्ही हातांनी घ्यायचं.

मला ही रीत फार आवडते. आपल्याकडे लग्नानंतर कितीतरी वर्षं जोडपं धाकटंच राहतं. पाया पडायचं आणि आशीर्वाद घ्यायचा. इथे बोहल्यावरून उतरलं की देणाऱ्यांच्या बाजूला. वयाने वडील शोभणाऱ्या पहारेकऱ्याला पाकीट देताना सुरुवातीला संकोच वाटतो, पण त्याला तो अजिबात वाटत नाही.

नववर्षानंतर एप्रिलच्या ४-५ तारखेला छिंगमिंग येतो. पूर्वजांची थडगी झाडून फुलं वाहायचा दिवस. हा सण चंद्रावर नाही, सूर्यावर चालतो, आपल्या संक्रांतीसारखा. दूर उत्तरेला, हपै प्रांतातल्या शिज्याझ्वांगच्या स्मशानभूमीत एक स्मारक आहे, तिथेही या दिवशी फुलं पडतात. ते सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं. चीनमध्ये त्यांना 'ख दिहुआ' म्हणतात आणि जुन्या पिढीतल्या माणसाला भारतीय आहोत असं सांगितलं, की राज कपूरच्या 'आवारा'नंतर हे नाव येतं. सप्टेंबर १९३८मध्ये, जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला, पाच भारतीय डॉक्टरांचं पथक मुंबईहून बोटीने निघून ग्वांगझौला उतरलं. त्यात सोलापूरचे कोटणीस होते, नागपूरचे चोळकर होते. स्वागताला चिनी नेते सुन यत्-सेन यांच्या पत्नी सुंग छिंगलिंग स्वतः आल्या होत्या. महिनाभरातच, ऑक्टोबरमध्ये, जपानी फौजांनी शहर घेतलं; तोवर पथक पुढे गेलं होतं. कोटणीसांनी १९४१मध्ये क्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं, पुढच्या वर्षी मुलगा झाला आणि ९ डिसेंबर १९४२ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते गेले. चीनमध्ये संसार मांडलेला तरुण मराठी माणूस म्हटल्यावर आम्हाला आमच्या वीचॅट ग्रुपच्या आधी हे नाव आठवायला हवं.

आठवडाभराच्या सुट्टीला इथे सोनेरी आठवडा म्हणतात. १९९९मध्ये सरकारने तो सुरू केला तो लोकांनी फिरावं आणि पैसा खर्च करावा म्हणून. लोकांनी मनावर घेतलं. चीनची भिंत, शिआन, हांगझौचं तळं इथे त्या आठवड्यात माणसांच्या पाठी तेवढ्या दिसतात. पूर्वी मे महिन्यातही असाच आठवडा असे. तो २००८मध्ये कापून छिंगमिंग, ड्रॅगन बोट आणि शरद पौर्णिमा यांना एकेक सुट्टी दिली. शहाणा परदेशी सोनेरी आठवड्यात घरी झोपतो आणि या छोट्या सुट्ट्यांना निघतो. ड्रॅगन बोटच्या दिवसांत ग्वांगझौच्या ल्येद भागात काचेच्या टॉवरांच्या मधल्या खाडीत लांबलचक होड्या वल्हवतात, ढोल बडवतात. तिथे जायला मेट्रो पुरे.

आणखी एक जागा सांगेन: काइफिंग. ग्वांगझौपासून सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर भातशेतीच्या मधोमध बहुमजली मनोरे उभे आहेत. खाली बंदुकीच्या फटी, वर रोमन खांब आणि घुमट. अठराशेहून अधिक शिल्लक आहेत आणि २००७पासून त्यांतले काही जागतिक वारशात आहेत. ते बांधले अमेरिका, कॅनडा, आग्नेय आशियात गेलेल्या इथल्याच पुरुषांनी पाठवलेल्या पैशांतून, दरोडेखोर आणि पुरापासून घर वाचावं म्हणून. अमेरिकेने १८८२मध्ये चिनी मजुरांना दार बंद केलं आणि बायकोला तिकडे नेणं बहुतेकांना अशक्य झालं. घर मनोऱ्याएवढं, त्यात एकटी बायको, आणि नवरा कित्येक वर्षांतून एकदा. पर्यटक तिथे वास्तुशिल्पाचे फोटो काढतात. एस-वन व्हिसावरची बाई तिथे फिरताना दुसराही विचार करते, आणि नोकरी नसली तरी व्हिसा मिळतो आहे याचं महत्त्व तिला जरा जास्त कळतं.

आपले सण या सगळ्यात कुठे बसतात? बहुतेक वेळा कामाच्या दिवशी. २०२५चं लक्ष्मीपूजन मंगळवारी आलं, फेअरचे दिवस होते, नवरा ग्राहकांबरोबर, पूजा रात्री नऊला. गुढी बाल्कनीच्या आतल्या बाजूला, कारण बाहेर काठी लावलेली सोसायटीला चालत नाही. गणपती दीड दिवसाचा, विसर्जन बादलीत.

तरी दोन्ही पंचांगं चुलत भावंडं आहेत, हे वर्षभरात ध्यानात येतं. दोन्ही महिने चंद्राचे, वर्ष सूर्याशी जुळवलेलं, आणि जुळवायची युक्तीही तीच: सूर्य ज्या चांद्र महिन्यात राशी बदलत नाही तो आपल्याकडे अधिक, आणि चिनी गणितातही जवळजवळ याच कसोटीने जादा महिना धरतात. फक्त दोघांचे अधिक महिने नेहमी एकत्र येत नाहीत. चिनी शरद पौर्णिमा सहसा आपल्या भाद्रपदातली. पण २०२५मध्ये त्यांनी सहावा महिना दोनदा मोजला, आपला अधिक यायचा होता २०२६च्या ज्येष्ठात, त्यामुळे ६ ऑक्टोबरला त्यांची पौर्णिमा आणि आपली कोजागरी एकाच रात्री आली, तीही आठ दिवसांच्या सुट्टीत. गच्चीवर शेजाऱ्यांनी कमळबियांच्या सारणाचे, मधे खारवलेल्या अंड्याचा बलक असलेले मूनकेक आणले. आम्ही मसाला दूध आटवलं. दूध संपलं, बलक आमच्या ताटात राहिला.

२०२६मध्ये आपला अधिक ज्येष्ठ येऊन गेल्यावर दोन्ही पौर्णिमा पुन्हा वेगळ्या झाल्या. पण त्यांची शरद पौर्णिमेची सुट्टी २५ सप्टेंबरला, शुक्रवारी, आणि त्याच दिवशी अनंत चतुर्दशी. म्हणजे चतुर्दशीपर्यंतचा गणपती बसवायचा आणि विसर्जनाला रजा टाकायची नाही. त्याआधीचा रविवार, २० सप्टेंबर, अर्थात कामाचा. तो गेला ऑक्टोबरच्या सोनेरी आठवड्याच्या हिशोबात.