घट्ट बसलेले बेअरिंग

धार व देवास ही पवारांची जुनी संस्थाने. आज आग्रा-मुंबई रस्ता देवासवरून पुढे धार जिल्ह्यातून जातो. त्याच जिल्ह्यातील पीथमपुरास मालमोटारी तयार होतात. रस्त्यावरील प्रत्येक मोटारीचे चाक बेअरिंगवर फिरते.

बेअरिंगचे बाहेरचे कडे त्याच्या भोकापेक्षा मिलिमीटरच्या काही शतांशांनी मोठे असते. म्हणून ते दाबून बसवितात. त्यात गंज चढला की ते हलत नाही आणि कारागिराचा हात हातोड्याकडे जातो. परंतु बेअरिंगचे पोलाद कठीण. त्याची कपची उडून डोळा जाण्याचे भय असते. शिवाय तिरपा घाव भोक ओरबाडतो. बेअरिंग नवे मिळते. ओरबाडलेल्या भोकात मात्र ते घट्ट राहत नाही आणि चाकाचा भरवसा जातो.

बैलगाडीची धाव तापवून चढविणारा लोहार यावरील उपाय जाणतो: तापलेला धातू फुगतो. ॲल्युमिनिअम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. ६० मिलिमीटरचे भोक १०० अंशांनी तापविल्यास ते सुमारे ०.१४ मिलिमीटर वाढते, पोलादी कडे ०.०७. तेवढ्यानेच पकड सुटते.

तेव्हा प्रथम खाचेतील सर्क्लिप काढावी, गंजावर पातळ तेल मुरू द्यावे. मग तेल व ग्रीस पुसून भाग भट्टीत तापवावा. उघडी ज्योत टाळावी. अखेर डोळ्यांवर चष्मा चढवून, भागास खालून भक्कम आधार देऊन, प्रेसने बाहेरच्या कड्यावर सरळ, संथ दाब द्यावा. घावाला न जुमानणारे कडे उष्णता आणि धीर यांपुढे नमते.