दहा आर अधिक वीस आर

वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील जऊळका परिसरात सोयाबीन आणि तूर ही नेहमीची पिके आहेत. तेथील एखाद्या शेताचे क्षेत्र सातबारावर ३० आर, म्हणजे ०.३० हेक्टर, असून १० आरांत तूर व २० आरांत सोयाबीन पेरले आहे, असे समजू. पेऱ्याची बेरीज एकूण क्षेत्राहून अधिक भरल्यास नोंद नाकारावी, असा नियम घालून जावास्क्रिप्ट भाषेत हेक्टरांचा हिशेब करणारा प्रोग्रॅम लिहिला, तर ही बिनचूक नोंदही नाकारली जाईल. कारण त्या भाषेत ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ येते. दशमान पद्धतीत एक तृतीयांश जसा कधीच पुरा लिहून होत नाही, तसा संगणकाच्या द्विमान पद्धतीत एक दशांश पुरा लिहून होत नाही, आणि ठरावीक जागेत बसवताना तो किंचित बदलतो.

गंमत अशी की १० आणि ३० आर घेतले, तर उत्तर अचूक ०.४ येते. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने हाताने नेमकी हीच जोडी घालून पाहिली, तर त्याला दोषाचा पत्ताही लागणार नाही. म्हणून प्रोग्रॅमच्या छोट्या भागाला निवडक आकडे देऊन त्याचे उत्तर अपेक्षित उत्तराशी ताडून पाहणारा दुसरा छोटा प्रोग्रॅम लिहितात. त्याला युनिट टेस्ट म्हणतात. मात्र लिहिलेली टेस्ट चालवली जातेच असे नाही, विशेषतः काम संपवण्याची घाई असते तेव्हा.

यावरचा उपाय म्हणजे टेस्ट बिल्डमध्ये गुंफणे. मूळ कोडपासून वापरण्याजोगा प्रोग्रॅम तयार करण्याची कामे यंत्राकडून ठरल्या क्रमाने करवून घेणे म्हणजे बिल्ड. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये लिहिलेले ‘मेक’ हे त्यासाठीचे जुने आणि आजही वापरात असलेले साधन आहे. जावाच्या जगातील ‘मेव्हन’मध्ये टेस्ट हा टप्पा पॅकेज बांधण्याच्या आधी येतो, त्यामुळे टेस्ट फसली की पॅकेज तयारच होत नाही.

जावास्क्रिप्टच्या बाबतीत हे सहज जमले नाही. १९९५ मध्ये नेटस्केप ब्राउझरसाठी जन्मलेली ही भाषा मुख्यतः ब्राउझरमध्येच चालत असल्याने टेस्टचे पान कोणीतरी उघडून हिरवी पट्टी दिसते की लाल हे पाहावे लागे. बिल्ड साधनाला डोळे नाहीत, त्याला कळतो तो केवळ काम संपताना मिळणारा आकडा, ज्यात शून्य म्हणजे यश आणि अन्य काहीही म्हणजे अपयश. २००९ मध्ये आलेल्या नोड.जेएसमुळे ही भाषा ब्राउझरबाहेर सर्रास चालू लागली, २०११ मध्ये खिडकी न उघडणारा फँटमजेएस हा ब्राउझर आला, आणि २०१७ पासून क्रोमही तसाच चालवता येऊ लागला. तेव्हा लाल पट्टीचे रूपांतर त्या आकड्यात करणे सोपे झाले.

जऊळक्याच्या उदाहरणातील दुरुस्ती साधी आहे: हिशेब हेक्टरांऐवजी चौरस मीटरच्या पूर्णांकांत केला, तर १००० आणि २००० मिळून ३००० च होतात. दुरुस्तीनंतरही १० आणि २० आरांची टेस्ट काढून टाकायची नसते, कारण उद्या कोणी सोयीसाठी पुन्हा हेक्टरांचे दशांश घेतले, तर तीच बिल्ड अडवते. टेस्ट वगळण्याची सोय मेव्हनमध्येही आहे आणि ती घाईच्या दिवशी हमखास आठवते, हा भाग वेगळा.