थडग्याच्या नावाचं गाव

अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यात, मेक्सिकोच्या सीमेजवळच्या रखरखीत माळावर टूमस्टोन नावाचं गाव आहे. टूमस्टोन म्हणजे थडग्यावरचा दगड. १८७७ साली एड शिफेलिन इथे एकटाच चांदी शोधत हिंडत होता. मुलूख अपाची लोकांचा. तिथे तुला एकच दगड मिळेल, तुझ्या थडग्याचा, अशी त्याची टर उडवली गेली. चांदी सापडल्यावर पठ्ठ्याने पहिल्या खाणीला तेच नाव दिलं. पुढे १८७९ मध्ये वसलेल्या गावालाही ते चिकटलं.

पर्यटक धावतात ते बूटहिलकडे. अंथरुणात नव्हे, पायात बूट असताना मेलेल्यांची ही टेकडी. २६ ऑक्टोबर १८८१ च्या गोळीबारात पडलेले बिली क्लँटन, टॉम आणि फ्रँक मॅक्लॉरी इथेच आहेत. चकमक जेमतेम अर्ध्या मिनिटाची. सिनेमावाले आजवर तिच्यावर जगताहेत. १८८४ मध्ये नवी दफनभूमी झाली, जुनी ओस पडली, आणि विसाव्या शतकात तिथल्या खुणा नव्याने उभारल्या गेल्या. तिथल्या फळ्या वाचाव्यात, पण थोडं जपून.

गावाचा जीव खरा टफनट रस्त्यावरच्या कोर्टात होता. १८८२ ची लाल विटांची दुमजली इमारत, क्रुसाच्या आकाराची. न्यायदालन, शेरीफची कचेरी, तुरुंग, खजिनदार, सगळं एका छपराखाली. आवारात फाशीचा चबुतरा. खाणींचे दस्त आणि करही इथेच.

१८८३ च्या डिसेंबरात शेजारच्या बिस्बी गावात दरोडा पडून चार माणसं मेली. पाच जणांना फाशी झाली. सहावा, जॉन हीथ, जन्मठेपेवर सुटला. बिस्बीकरांना ते मानवलं नाही. २२ फेब्रुवारी १८८४ ला जमावाने त्याला याच तुरुंगातून ओढून तारेच्या खांबाला लटकवलं. बूटहिलवर त्याच्या नावाची फळी आहे. शव मात्र टेक्ससला नेलं गेलं.

खाणींत पाणी शिरलं, पंप जळाले, माणसं पांगली. बिस्बी मात्र तांब्यावर गब्बर झालं. १९२९ च्या मतदानात जिल्ह्याचं ठाणं तिकडे गेलं. आधी कैदी नेला, मग कचेरीच! रिकामं कोर्ट १९५९ मध्ये राज्याचं स्मारक झालं. आत आता संग्रहालय आहे.

शिफेलिन १८९७ मध्ये ओरेगनमध्ये वारला. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याला खाणवाल्याच्या कपड्यांत, कुदळीसह, टूमस्टोनबाहेरच्या माळावर पुरलं. वर दगडांचा उंच मनोरा आहे, खाणीवर हक्क सांगायला रचतात तसल्या ढिगासारखा.