ट्रेल बूट
ट्रेल बूट हे माती, मुरूम व खडक असलेल्या वाटांवर धावण्यासाठी बनवलेले पादत्राण आहे. तळावरील खोल रबरी दाते हे त्याचे मुख्य वैशिष्ट्य होय.

दात्यांची निवड जमिनीवर अवलंबून असते. नशिराबाद परिसरासह तापी खोऱ्यात आढळणारी काळी माती पावसाळ्यात फुगून चिकट होते. दाते दाट असल्यास त्यांत चिखल भरतो आणि पकड नाहीशी होते. म्हणून तेथे सुमारे ५ मिमी किंवा अधिक खोल, विरळ दाते उपयुक्त ठरतात. सातपुड्यातील किंवा सिंहगड–राजगड–तोरणा वाटेवरील कोरड्या बेसाल्ट खडकावर मात्र असे दाते लवकर झिजतात. तेथे ३ ते ४ मिमी पुरेसे असतात. शेवाळलेल्या ओल्या कातळावर कोणत्याही दात्यांचा भरवसा धरता येत नाही. जलरोधक बुटात वरून शिरलेले पाणी आतच साचते, त्यामुळे ओढे ओलांडताना जाळीदार बूट बरे.

धावताना पाय सुजत असल्याने बूट सायंकाळी, नेहमीचे मोजे घालून पाहतात. सर्वांत लांब बोटापुढे (ते अंगठाच असेल असे नाही) अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा आवश्यक असते. ती नसल्यास उतारावर बोटे पुढे आदळून नखे काळी पडतात. टाच सैल वाटल्यास नाडी सर्वांत वरच्या छिद्रातून ओवून घट्ट बांधतात.