दूरच्या संगणकाचा निरोप

लष्करच्या दाल बाजारातील अनेक पेढ्यांचा जमाखर्च आता चोपड्यांत नसून संगणकात असतो. काहींचा तर पेढीतही नसून परगावच्या भाड्याच्या संगणकात असतो. तेथवर पोहोचण्यासाठी जाणकार मंडळी काळ्या पडद्यावर आज्ञा टंकून ‘एस.एस.एच.’ नावाची जोडणी करतात. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठातील तातू युलोनेन यांनी ती १९९५ साली रचली. त्यापूर्वीच्या ‘टेलनेट’मध्ये परवलीचा शब्द तारेवरून उघडाच जात असे.

जोडणी करावी कशी हे शिकविणारे पुष्कळ भेटतात. संपवावी कशी हे क्वचितच कोणी सांगतो. चुकती झालेल्या हुंडीचा खोखा केल्याखेरीज आपले वडीलधारे स्वस्थ झोपत नसत. मग जोडणी उघडी टाकून मुनीमजी घरी गेले, तर मागून त्या जागी बसणारा कोणीही त्यांच्याच अधिकाराने खात्यात हात घालू शकतो, याची चिंता आपण का करीत नाही?

रीत सोपी आहे. ‘एक्झिट’ टंकून एंटर दाबावे, किंवा रिकाम्या ओळीवर कंट्रोल व डी या कळा एकत्र दाबाव्यात. मात्र मध्येच ‘रूट’चा, म्हणजे सर्वाधिकाऱ्याचा, अधिकार धारण केला असेल तर पहिल्या एक्झिटने केवळ तो उतरतो, माणूस आतच राहतो. पुन्हा एक्झिट द्यावे, आणि जोडणी बंद झाल्याची ओळ उमटल्यावाचून उठू नये.

तरुणांना खिडकीच मिटून टाकण्याची खोड फार. टेलिफोन आपटून ठेवावा तसा पलीकडे ‘हँगअप’चा इशारा जातो व चालू काम बहुधा तेथेच मरते. ३१ मार्चच्या रात्री शिल्लक बाकी नव्या वर्षात ओढताना असे झाले, तर निम्मी खाती अलीकडे, निम्मी पलीकडे! लांबणारे काम ‘नोहप’ लावून अथवा ‘टीमक्स’च्या आत सुरू करावे, म्हणजे आपण निघालो तरी ते चालू राहते.

कधी तार मध्येच तुटते, पडदा गोठतो, एक्झिटही उमटत नाही. अशा वेळी एंटर, मग टिल्ड हे नागमोडी चिन्ह व त्यापुढे टिंब द्यावे. आपल्या बाजूची जोडणी तत्काळ सुटते. पलीकडचा संगणक मात्र पुष्कळदा आपण अजून बसलोच आहोत असे समजतो. पुन्हा आत जाऊन ‘हू’ ही आज्ञा दिल्यास आत कोणाकोणाची नोंद आहे ते दिसते. ‘टीएमआउट’ची मर्यादाही बसवून घ्यावी; तितके सेकंद कोणी काही टंकले नाही की संगणक स्वतःच निरोप देतो. आमच्या पेढीवर तो आकडा ९०० आहे. चहाला जरा उशीर झाला की बाहेर पडावे लागते, म्हणून चिरंजीव कुरकुरतात. आकडा मी बदलू दिलेला नाही.