अटलांटाहून : मासा चालतो, नवरा चालत नाही

अटलांटाच्या ज्या विमानतळावर आपली मंडळी पापड-लोणच्यांच्या बॅगा घेऊन उतरतात, त्याचा बराचसा भाग अटलांटा शहरात नाही, क्लेटन काउंटीत आहे. तिथून गाडी थेट उत्तरेला अल्फारेटा नाहीतर जॉन्स क्रीककडे, म्हणजे आपल्या लोकांच्या वस्तीकडे धावते आणि क्लेटन पुन्हा दिसते ती परतीच्या विमानाच्या दिवशी. या काउंटीत जेराल्ड बोस्टॉक नावाचा माणूस बालकल्याणाचं काम पाहायचा. दहा वर्षं नोकरी झाली होती, त्याच्या कामामुळे काउंटीला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले होते. मग तो समलिंगी खेळाडूंच्या सॉफ्टबॉल लीगमध्ये खेळायला लागला, गावातल्या वजनदार लोकांनी नाकं मुरडली आणि २०१३ मध्ये काउंटीच्या कर्मचाऱ्याला न शोभणारं वर्तन केलं म्हणून त्याला काढून टाकण्यात आलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १५ जून २०२० रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल लागला की, समलिंगी असल्याबद्दल नोकरीवरून काढणं हा १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचा भंग आहे. निकालपत्र लिहिलं ट्रम्प यांनीच नेमलेल्या न्यायमूर्ती नील गॉर्सच यांनी.

साल पुन्हा वाचा. २०२०. हे मुद्दाम सांगते, कारण पुण्याहून फोन आला की एक वाक्य ठरलेलं असतं : ‘तुमच्याकडे काय बाई, सगळं मोकळं!’ समलिंगी विवाह इथे देशभर कायदेशीर झाला २०१५ मध्ये. मधली पाच वर्षं निम्म्याहून अधिक राज्यांत परिस्थिती अशी होती की, रविवारी लग्न करावं, सोमवारी ऑफिसात पेढे वाटावेत आणि मंगळवारी नोकरी गेली तर राज्याच्या कायद्यात दाद मागायला जागा नसावी. जॉर्जियात ती अजूनही नाही. अटलांटा शहराचा स्वतःचा नियम आहे, पण आमचं ऑफिस शहराच्या हद्दीबाहेर. त्यामुळे जो काही आधार आहे तो वॉशिंग्टनच्या कायद्याचा, आणि तोही पंधरा किंवा अधिक माणसं कामाला असतील तरच. बारा माणसांच्या दुकानात काम करणाऱ्यानं काय करावं, हे त्या कायद्यात लिहिलेलं नाही.

आमची कंपनी नळ, व्हॉल्व्ह, पाइप असला माल पुरवणारी. माणसं नव्वदच्या आसपास. मी हिशेबाच्या खात्यात. समोरच्या रांगेत बसणारा विक्रीतला सहकारी, चाळिशीचा, दक्षिण जॉर्जियातल्या खेड्यातून आलेला. व्हॉल्व्हविषयी बोलायला लागला की थांबायचा नाही. जानेवारीत त्याला सर्वोत्तम विक्रेत्याचं सन्मानचिन्ह मिळालं. वसंतात त्यानं लग्न केलं आणि नवऱ्याचं नाव आरोग्य विम्यात घालायला तो एचआरकडे गेला.

हे इथलं वैशिष्ट्य मला आल्यावर कळलं. अमेरिकेत साठ-पासष्टीच्या आतल्या माणसाचं आजारपण बहुधा कंपनीच्या हातात असतं. जोडीदाराला डॉक्टरकडे न्यायचं तर तो कोण आहे, हे आधी मालकाला कळवावं लागतं. आयुष्यभर जे सावधपणे जपलं ते एका फॉर्मवर सही करून द्यायचं. फॉर्म गेला, विमा मिळाला. त्याबाबत एचआरनं काही खोट काढली नाही.

मग त्याचा सगळ्यात मोठा ग्राहक काढून दुसऱ्याला दिला गेला. हा ग्राहक चर्चच्या इमारती बांधणारा कंत्राटदार. मॅनेजर म्हणाला, ‘तू मला पुतण्यासारखा आहेस, पण ती माणसं जुन्या वळणाची. तुलाच अवघड वाटेल.’ जॉर्जियात कुणी आवाज चढवत नाही. इथली माणसं गळा कापतानाही आधी गोड चहा विचारतील. पुढे सगळ्यांना ईमेल आली की टेबलं ‘व्यावसायिक’ दिसावीत, खासगी वस्तू कमीत कमी ठेवाव्यात. लग्नाचा फोटो खणात गेला. मॅनेजरच्या टेबलावर बायको, चार मुलं आणि दीड हात लांबीचा मासा हातात धरलेला तो स्वतः, असे तीन फोटो होते. ते जागेवरच राहिले. मी सरळ विचारलं, ‘माशाचं काय?’ मॅनेजर मनापासून हसला. त्याला तो विनोद वाटला.

त्यानंतर कामगिरी सुधारण्याची योजना नावाचा कागद आला. जानेवारीतल्या सर्वोत्तम विक्रेत्याचं संभाषणकौशल्य उन्हाळ्यापर्यंत कमी पडू लागलं होतं. आणि एका शुक्रवारी दुपारी तो पुठ्ठ्याचं खोकं घेऊन दाराकडे निघाला, शेजारी सुरक्षारक्षक. कारण विचारलं तर उत्तर : कारण द्यायची गरज नाही. तेही खरं आहे. इथे बहुतेक नोकऱ्या मालकाच्या मर्जीवर असतात. बेकायदा कारणासाठी काढता येत नाही, विनाकारण मात्र खुशाल काढता येतं. मग शहाणा मालक कारण कशाला लिहील?

आता तुम्ही म्हणाल, आपल्याकडे असं होत नाही बुवा. होत नाही हे खरं, कारण आपल्याकडे टेबलावर तो फोटो येतच नाही. पुण्यात मी ज्या बँकेच्या शाखेत होते तिथे एक अधिकारी होते. पन्नाशी जवळ आलेली, लग्न नाही, सदाशिव पेठेतल्या खोलीत एका ‘मित्रा’सोबत वर्षानुवर्षं राहणारे. सगळ्या शाखेला माहीत होतं आणि कुणालाच माहीत नव्हतं. दर दिवाळीला ड्युटी त्यांना, मार्चअखेरीला रात्री त्यांनी थांबायचं. बदली निघाली की पहिलं नाव त्यांचं, गडचिरोली नाहीतर सिंधुदुर्ग. ‘तुम्हाला काय साहेब, एकटा जीव! मागे कोण आहे?’ असं म्हणणाऱ्या बायका-पुरुषांत एकही दुष्ट माणूस नव्हता. जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले की त्यांच्यासाठी स्थळं निघायची, आणि ते हसून पोळीचा तुकडा मोडायचे. त्यांना कुणी काढलं नाही. पदोन्नती त्यांनीच नाकारली, कारण ती घेतली असती तर पुणं सुटलं असतं आणि खोलीतला माणूस एकटा पडला असता. सेवापुस्तकात याची नोंद कुठेही सापडणार नाही. बोस्टॉकला निदान बडतर्फीचं पत्र तरी मिळालं, ज्याच्याविरुद्ध न्यायालयात जाता आलं.

आणि जिथे पत्र मिळालं तिथलं आठवा. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवणारे प्राध्यापक रामचंद्र सिरस. आपल्या भाषेचा माणूस, कवी. फेब्रुवारी २०१० मध्ये त्यांच्या घरात कॅमेरा घेऊन माणसं घुसली. विद्यापीठानं निलंबित केलं ते त्यांनाच, गैरवर्तनाबद्दल. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयानं निलंबनाला स्थगिती दिली. ७ एप्रिलला ते घरात मृतावस्थेत सापडले. पुढे त्यांच्यावर हिंदी सिनेमा निघाला, मनोज बाजपेयींचं आपण भरभरून कौतुक केलं. मराठीचे इतके प्राध्यापक आहेत, इतकी संमेलनं भरतात. सिरसांवर एखादा परिसंवाद झाला असेल तर कळवा, मला आनंद होईल.

६ सप्टेंबर २०१८ ला आपल्या सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमाचे दात काढले, त्या दिवशी इथे आम्हीही पेढे वाटले. पण तो निकाल तुरुंगातून सोडवणारा. खासगी कंपनीनं समलिंगी म्हणून कामावरून काढलं तर नेमकं कुठलं कलम लावायचं? २०१९ चा कायदा आहे तो पारलिंगी व्यक्तींसाठी. हिंजवडीतल्या कंपन्या जूनमध्ये ‘प्राइड’साठी लोगो रंगवतात, तो त्यांच्या मुख्यालयाचा हुकूम असतो.

तर आमचा विक्रेता वकिलाकडे गेला. जॉर्जियात केंद्राच्या समान रोजगार संधी आयोगाकडे तक्रार करायला १८० दिवस मिळतात. तिथे कळलं की नुकसानभरपाईचं चक्क दरपत्रक आहे. शंभरपर्यंत माणसांच्या कंपनीला थकीत पगार सोडून जास्तीत जास्त ५० हजार डॉलर, पाचशेच्या वर असेल तर तीन लाख. मनस्ताप मोठ्या कंपनीत जास्त होतो, असं काँग्रेसला वाटलं असावं. वकिलानं साक्षीदार मागितले. मी माशासकट सगळं लिहून दिलं. माझ्या शेजारी बसणाऱ्या नाशिकच्या मुलानं ग्राहक बदलल्याची ईमेल स्वतः पाहिली होती. तो म्हणाला, ‘ताई, मी एच-१बीवर आहे. नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधायची नाहीतर बिऱ्हाड उचलायचं. बायकोला सहावा महिना आहे.’ साक्षीदारावर सूड घ्यायला कायद्यानं बंदी आहे, हे मी त्याला सांगितलं. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की, मी पुढे बोलले नाही. ज्या देशात काढायला कारण लागत नाही, तिथे सूड सिद्ध कसा करायचा, हे त्याला माझ्याआधी कळलं होतं.

एका बाबतीत मात्र मला आपली शाखा हवीहवीशी वाटली. ते साहेब डेंग्यूनं आजारी पडले तेव्हा स्थळं शोधणाऱ्या त्याच बायकांनी पाळी लावून डबे पोचवले, दोन माणसांचे, न विचारता. इथे त्या शुक्रवारनंतर नव्वदांपैकी किती जणांनी त्याला फोन केला ते त्यानंच सांगितलं : एकानं, तोही कंपनीची चावी परत मागायला. बाकीच्यांनी लिंक्डइनवर अंगठा दाखवला.

प्रकरण आयोगाच्या मध्यस्थीत मिटलं. त्याला दुसऱ्या पुरवठादाराकडे काम मिळालं, आणि पहिल्याच महिन्यात तो चर्चवाला कंत्राटदार शोधत आला. त्याचं म्हणणं एवढंच, की नव्या माणसाला व्हॉल्व्हमधलं काही कळत नाही.

हे सगळं मी यंदा मंडळाच्या गणपतीत, महाप्रसादाच्या रांगेत सांगितलं. काकांनी विचारलं, ‘किती मिळाले?’ रक्कम सांगायला करारात बंदी आहे म्हटल्यावर त्यांनी ५० हजाराला रुपयांनी गुणून पाहिलं आणि ‘फार नाही’ म्हणाले. काकूंनी वाटीत मठ्ठा घेता घेता नेमकं विचारलं, ‘मग त्या नवऱ्याचा विमा?’ तर आता उलट आहे. विक्रेताच नवऱ्याच्या कंपनीच्या विम्यावर आहे, कारण नव्या ठिकाणी त्यानं तो फॉर्म अजून भरलेला नाही.